आठ महिने पैसे भरून घेतलेलं क्रेडिट मॉनिटरिंग वापरलं, परवा बंद केलं

आमचं तारकर्लीजवळ छोटं होमस्टे आहे, चार खोल्या. गेल्या वर्षी गणपती झाले, चाकरमानी परत गेले आणि मी म्हटलं आता दोन खोल्यांचं बाथरूम नीट करून घेऊ, त्यासाठी बँकेत लोन विचारायला गेलो. साहेबांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, अहो तुमचं आधीचं एक लोन थकलंय. मी म्हटलं कसलं लोन, मी तर ट्रॅक्टरसुद्धा रोखीने घेतला होता. तर कुठल्या तरी अॅपवरून माझ्या पॅनवर 18,400 रुपये उचललेले, चार महिने हप्ता नाही, आणि पत्ता अशा शहरातला जिथे मी जन्मात गेलो नाही. मोबाईल नंबरपण माझा नाही.

तर त्या धसक्यात नोव्हेंबरमधे एका कंपनीचं वर्षाचं मॉनिटरिंग घेतलं, म्हणजे आपल्या नावावर कुणी लोन काढतंय का यावर नजर ठेवणारं अॅप. नाव लिहीत नाही, कारण मला जे खटकलं ते बऱ्याच ठिकाणी तसंच असणार. रोज क्रेडिट स्कोर (आपली पत दाखवणारा आकडा), अलर्ट, डार्क वेब स्कॅन (चोरलेली माहिती विकतात त्या छुप्या साइटवर आपलं काही आहे का ते बघणं), आयडेंटिटी चोरीचा विमा, सगळं एकत्र, हजार-बाराशेच्या आसपास. आई म्हणाली, "आपलोच हिशोब बघूक दुसऱ्याक कित्याक पैशे दितंस?" तेव्हा मी तिला समजावत बसलो, आता वाटतं ती फार काही चुकीचं बोलत नव्हती.

आधी चांगलं सांगतो. चौकशीचा अलर्ट खरंच पटकन येतो. फेब्रुवारीत दुपारी जेवताना एका मागोमाग एक तीन अलर्ट आले, तीन फायनान्सवाल्यांनी माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जाच्या नोंदींचा कागद, काढला म्हणून, घास तसाच राहिला. मग आठवलं, सकाळी भावाबरोबर स्कूटरच्या शोरूमला गेलेलो आणि हप्ता किती बसेल एवढंच विचारलेलं, त्या पोराने पॅन घेऊन सरळ तीन ठिकाणी टाकून दिलं. अशी प्रत्येक चौकशी रिपोर्टवर राहते. आपण स्वतः आपला रिपोर्ट काढला तर स्कोर कमी होत नाही, पण लोनसाठी दुसऱ्याने काढला तर होऊ शकतो. त्या पोराला जाऊन झापलं.

पण खरी गोम पुढे आहे. माझा प्लॅन एकाच ब्युरोवर, म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या एकाच कंपनीवर, लक्ष ठेवत होता, आणि आपल्याकडे ब्युरो आहेत चार: सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोन देणारा यातल्या कुठल्याही एकाकडे चौकशी करू शकतो, दुसऱ्याकडे झालेली चौकशी माझ्या अॅपला दिसणारच नाही. लोन झालं तर ते पुढे चारही ठिकाणी नोंदवायचं असतं, पण त्यालाही वेळ लागतो. 2025 च्या जानेवारीपासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आला, आधी महिन्याने जायची. म्हणजे अॅप ओरडेपर्यंत चोर पैसे घेऊन मोकळा.

आणि आता जे सांगतो ते मला कुणी आधी सांगायला हवं होतं. कुणी तुमचा रिपोर्ट काढला तर ब्युरोने तुम्हाला एसेमेस किंवा ईमेल पाठवायचा हे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मधेच सांगितलंय, फुकट. मग मला का नाही आला? कारण त्या लोनवाल्या अॅपने नोंदवलेला मोबाईल नंबर चोराचा होता, माझ्या नावाखाली तोच वर बसलेला. अलर्ट गेला असेल तर बहुतेक त्यालाच गेला. म्हणून मॉनिटरिंग घ्यायच्या आधी चारही ठिकाणी आपला नंबर आणि ईमेल बरोबर आहे का ते बघा, बाकी सगळं नंतर.

डार्क वेब स्कॅनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माझा जुना ईमेल कुठे तरी फुटलाय असं लाल अक्षरात आलं, पुढे काय करायचं तर मोठा प्लॅन घ्या. विम्याच्या अटी वाचल्या, प्लॅन घेण्याआधी झालेलं काहीच त्यात बसत नव्हतं, म्हणजे माझं 18,400 वालं तर नाहीच. आणि सगळ्यात राग कशाचा आला तर ज्या अॅपला मी खोट्या लोनपासून वाचव म्हणून पैसे दिले तेच दिवसातून दोनदा "तुमच्यासाठी लोन तयार आहे" म्हणून नोटिफिकेशन टाकत होतं. शिवाय दर वेळी लॉगिनला ओटीपी, आणि आमच्याकडे रेंज पाहिजे तर माडाच्या बुंध्याशी जाऊन उभं राहावं लागतं, जूनमधे पाऊस धरला की तेही नाही.

ते खोटं लोन रिपोर्टवरून काढून टाकलं ते अॅपने नाही, मीच. सायबर पोर्टलवर तक्रार केली, तिची पावती जोडून ब्युरोकडे डिस्प्यूट टाकला, म्हणजे ही नोंद माझी नाही अशी हरकत. 30 दिवसांत निकाल लावायचा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई असा नियम आहे. त्यात लोन देणाऱ्याने 21 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. माझं 41 दिवसांनी निघालं, अकरा दिवसांचे अकराशे मिळाले, तेही दोनदा मेल करून मागितल्यावर. सबस्क्रिप्शनपण साधारण तेवढ्याचंच, म्हणजे फिट्टमफाट. पैसे हातात आलेले बघितल्यावर आई काही बोलली नाही, नुसती हसली.

आता मी काय करतो. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, 2017 पासून. चारही एकदम काढायचे नाहीत, तीन-तीन महिन्यांनी एक. संक्रांतीच्या सुमारास एक, आंबा सुरू असताना एक, जुलैत पावसात एक, दिवाळीच्या आधी एक. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून ठेवलंय. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिम आहेत ते बघितलं, एक अनोळखी निघालं, तिथेच माझं नाही म्हणून कळवलं.

आणि हो, माझ्याच कपाटात पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा पडला होता, चार वर्षांचा. आपली कागदपत्रं कुठून फुटली म्हणून बोंब मारणारा मी, आणि लोकांची अशी ठेवलेली, लाज वाटली. आता मास्क केलेलं आधार चालेल म्हणून बुकिंगच्या मेसेजमधेच लिहितो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

प्लॅन मी वर्ष संपायच्या आधीच बंद केला. आपोआप पैसे कापायच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं असतं, पण तोवर थांबलो आणि नेमकी रेंज नसली तर? म्हणून परवा माडाखाली उभं राहून कार्डावरचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द केलं. ज्याच्याकडे आधीच काही घडलंय आणि ज्याला रोज बघितल्याशिवाय झोप येत नाही त्याने सहा महिन्यांचा घ्यावा, मला पहिले दोन महिने त्याचा आधार वाटला हे खोटं नाही. वर्षाचा घेऊ नका.

जुलैचा रिपोर्ट काल काढला. लोन गेलंय, पण पत्त्यात अजून ते शहर पहिल्या नंबरवर आणि आमचं गाव दुसऱ्यावर. रेंज आली की परत डिस्प्यूट टाकतो.