राइझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड: आज खिशाला झेपणारा, पुढे वाढवता येणारा गेमिंग पीसी

बजेट आखताना बहुतेक जण ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात आणि उरलेल्या पैशांत बोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट कसेबसे बसवतात. पीसी पुढे वाढवत न्यायचा असेल तर हिशोब उलटा लावा. कार्ड तीन-चार वर्षांत बदलणारच असतं, पण उरलेले हे तीन भाग तसेच राहतात. या कसोटीवर एएमडीच्या एएम५ सॉकेटची (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) राइझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० बोर्ड ही जोडी आमच्या मते या बजेटात सगळ्यात सरस आहे.

याचं मुख्य कारण सॉकेट. एएम५ २०२२ मध्ये आलं. त्यात राइझन प्रोसेसरच्या ७०००, ८००० आणि ९००० या तिन्ही मालिका बसतात आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ते चालू ठेवू, असं एएमडीने सांगितलं आहे. म्हणजे आज ७६०० घेतलेल्याला पुढे त्याच बोर्डावर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी हे वरचे प्रोसेसर लावता येतील, फक्त आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागेल. इंटेलचा बारावी ते चौदावी पिढीचा एलजीए१७०० सॉकेट आज स्वस्त पडतो, हे खरं. पण तो रस्ता तिथेच संपतो. चौदाव्या पिढीच्या पुढे जायचं तर बोर्डही नवा घ्यावा लागतो.

७६०० मध्ये ६ कोर, १२ थ्रेड आणि ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे. कूलर डब्यातच येतो. छोटं अंगभूत ग्राफिक्सही आहे, त्यामुळे कार्डाचे पैसे जमेपर्यंत पीसी चालवता येतो आणि पुढे कार्ड बिघडलं तर दोष कुठे आहे ते लगेच कळतं. ७५००एफ या प्रोसेसरमध्ये ही सोय नाही. दुकानदार ८४००एफ पुढे करेल, तोही सहा कोरचाच म्हणून. तो टाळा: त्यात एल३ कॅशे १६ एमबीच आहे, म्हणजे निम्मा, आणि ग्राफिक्स कार्डाला माहिती ने-आण करायला आठच लेन (मार्गिका) मिळतात.

बोर्ड घेताना रॅमचे चार स्लॉट आणि आरजीबीच्या झगमगाटापेक्षा तीन गोष्टी बघा: व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग) हीटसिंक, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट आणि मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण. हे बटण फार मोलाचं. प्रोसेसर न लावताही एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवरून बायोस टाकता येतो. फाइलला कंपनीने सांगितलेलंच नाव द्या आणि ड्राइव्ह ठरलेल्याच यूएसबी पोर्टात लावा, नाहीतर दिवा लुकलुकून बंद पडतो आणि काहीच होत नाही.

रॅम हा सध्या दुखरा भाग आहे. २०२५ च्या अखेरीपासून डीडीआर५ चे भाव भडकले आहेत. तरी झेपत असेल तर १६-१६ जीबीची जोडी, ६००० वेग आणि सीएल३० (प्रतिसादाचा विलंब, आकडा कमी तितका चांगला) घ्या. ८-८ ची जोडी आम्ही सुचवणार नाही. ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर साधारणपणे चारच चिप असतात, त्यामुळे ती मुळातच थोडी संथ असते. शिवाय पुढे आणखी दोन स्टिक जोडल्या तर एएम५ चा रॅमचा वेग बराच घसरतो, म्हणजे वाढवायची वेळ आली की जुनी जोडी काढून विकावीच लागते.

बोर्डावर चार स्लॉट असतील तर रॅमची जोडी प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बोर्ड रॅम जुळवून घेत असतो. अनेक जण घाबरून इथेच बटण दाबून पीसी बंद करतात. थांबा. नंतर बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू करा, नाहीतर ६००० चे पैसे देऊन रॅम ४८०० वरच धावते.

जोडणीत सर्वाधिक नुकसान सॉकेटमध्ये होतं. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर सरळ वरून ठेवा, दाबू नका. सॉकेटची धातूची पट्टी बंद केली की तिच्यावरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप उडून निघतं. ते जपून ठेवा, वॉरंटीसाठी बोर्ड पाठवताना लागतं. सोबतचा कूलर बसवण्याआधी सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे धारक चार स्क्रू काढून उतरवावे लागतात. हा कूलर गेमसाठी पुरतो, पण सगळे कोर एकदम राबवले की आवाज करतो. व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांनी साधा टॉवर कूलर घ्यावा.

कार्डात आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबी रूप घ्या. ८ जीबीचं कार्ड स्वस्त दिसतं, पण नव्या गेममध्ये टेक्स्चर वाढवले की मेमरी भरते आणि खेळ अडखळतो. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा. बोर्डाला लावलीत तर चित्र दिसेल, पण खेळ त्या छोट्या अंगभूत ग्राफिक्सवर रखडत चालेल.

एसएमपीएस ६५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या मालाचा दर्जा नाही, म्हणून वॉरंटीची वर्षं बघा. पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर सोडा. वीज जाणाऱ्या गावात यूपीएसचाही विचार आधीच करा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. खेळ चालू असताना मॉनिटर धरून भार तिथपर्यंत पोचतो आणि वीज गेली की सगळंच बंद होतं. १००० व्हीए घ्या, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा). कॅबिनेट पुढून जाळीचं आणि धुळीचा फिल्टर सहज निघणारं हवं. पुढे काच असलेल्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये हवा कोंडते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या आणि प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच मागा. ट्रेमधला (डब्याविना सुटा) थोडा स्वस्त मिळतो, पण त्यासोबत कूलर नसतो आणि तीन वर्षांची वॉरंटीही बहुधा हुकते.