कॅम्परसाठी २ किलोवॅटचा डिझेल हीटर: यंत्र उत्तम, सोबतचं सामान बदला

कॅम्परसाठी, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशा गाडीसाठी, हीटर घेताना बहुतेक जण ५ किलोवॅटचा उचलतात. थंडीच आहे, ताकद जास्त असलेली बरी, असा हिशेब. लहान किंवा मध्यम व्हॅनमध्ये हाच हिशेब अंगाशी येतो. इन्सुलेशन बरं असेल तर ५ किलोवॅटचा हीटर थोड्या वेळात गाडी तापवतो आणि उरलेली रात्र सगळ्यांत मंद आचेवर काढतो. मंद आचेवर बर्नर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि ज्वलनकक्षात काजळी धरते. २ किलोवॅटचा हीटर त्याच गाडीत मध्यम वेगाने चालतो आणि स्वच्छ राहतो. मोठं मोटरहोम नसेल तर तोच घ्यावा.

यंत्र म्हणून तक्रारीला जागा नाही. जळायला लागणारी हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो आणि आतली हवा फक्त तापलेल्या धातूवरून फिरून परत येते. त्यामुळे आत दमट होत नाही. उघड्या गॅस शेगडीवर ऊब घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन आतच राहतं. सकाळी काचांवरून ओघळतं ते हेच. डिझेल मंद आचेवर तासाला साधारण ०.१ लिटर आणि पूर्ण ताकदीवर पाव लिटरच्या आसपास लागतं.

आता किटमधलं बाकीचं सामान. स्वस्त किटमधली मऊ हिरवी इंधननळी सरळ टाकून द्या. ती पंपाच्या प्रत्येक ठोक्याला किंचित फुगते, मोजून पाठवलेलं डिझेल तुटक पोहोचतं आणि ज्योत डळमळते. २ मिमी पोकळीची कडक नायलॉन नळी लावा. रबरी जोडात दोन्ही नळ्यांची टोकं एकमेकांना टेकलीच पाहिजेत. मध्ये फट राहिली की तिथे हवेचा बुडबुडा अडकतो. नळी पक्कडीने नको, धारदार ब्लेडने सरळ कापा. पंप आडवा लावू नका. बाहेर जाणारं तोंड वर ठेवून १५ ते ३५ अंश तिरका लावा, म्हणजे बुडबुडे साचत नाहीत. त्याची टिकटिक रात्री डोक्यात जाते, म्हणून तो पत्र्याला न आवळता रबरी पट्ट्यात लटकवा.

वायरही तितकीच कुचकामी. सुरू होताना ग्लो प्लग, म्हणजे विजेवर तापून डिझेल पेटवणारा भाग, काही मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो. बॅटरी ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबं झालं; १० अँपिअरला १.५ चौरस मिमी वायरमध्ये ०.७ व्होल्ट तिथेच पडतात, ४ चौरस मिमीमध्ये पाव व्होल्ट. थंडीत बॅटरी आधीच मलूल असते, त्यात एवढी घट झाली की कमी व्होल्टेजचा एरर येतो आणि लोक हीटर बदलायला निघतात. आधी वायर बदला.

सायलेन्सर पूर्ण गाडीबाहेरच हवा, कारण स्वस्त सायलेन्सरचे जोड धूर गळतात. एक्झॉस्टचा पाइप बाहेरच्या दिशेने उतरता ठेवा. कुठे खोलगट भाग राहिलाच तर सर्वांत खालच्या जागी, अर्थातच गाडीबाहेर, ४ मिमीचं भोक पाडा. नाहीतर साचलेलं पाणी गोठून पाइप बुजतो. जळायची हवा घेणारं तोंड एक्झॉस्टपासून लांब असू द्या. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, त्यावर वाद नको.

डिस्प्ले आणि रिमोट ठीकठाक आहेत.

वापरताना एक सवय लावून घ्या: बंद करण्याआधी १५-२० मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवा, मग बटणानेच बंद करा. पंखा पुढे काही मिनिटं फिरतो, तो बर्नर थंड करत असतो. मेन स्विच ओढून वीज तोडली तर ती उष्णता आतच कोंडते आणि सेन्सर, प्लॅस्टिक, मोटर यांना भोवते. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरच्या वर हवा विरळ होते, तेच डिझेल जास्त ठरतं आणि काजळी वाढते. तिथे सेटिंगमध्ये पंपाचे ठोके कमी करावे लागतात, म्हणून ती सोय असलेलाच कंट्रोलर निवडा. टाकीत हिवाळी डिझेल हवं. उन्हाळी डिझेलमधलं मेण कडाक्यात घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो.

सुरू करताना दाट पांढरा धूर येतो आणि ज्योत पेटतच नाही, असं होऊ लागलं तर वायर आणि इंधन तपासून झाल्यावर ग्लो प्लग काढा. त्याच्या खोबणीत एक बारीक धातूची जाळी असते. काजळीने ती बुजली की डिझेलची वाफ प्लगपर्यंत नीट पोहोचत नाही. जाळी खरवडत बसू नका, नवी टाका. प्लग, जाळी आणि बर्नरचा गॅस्केट यांचा एक जादा संच हीटरसोबतच मागवून गाडीत ठेवा.