मायक्रोबिट व्ही2 : मुलींच्या विज्ञान क्लबसाठी घ्यावा का, आणि घ्यायचाच तर किती?

मायक्रोबिट म्हणजे प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा संगणक. काडेपेटीएवढी पाटी, तिच्यावर पंचवीस लाल दिवे, दोन बटणं आणि खालच्या कडेला सोनेरी दात. मुलींसाठी कोडिंगचं शिबिर ठरलं की खरेदीच्या यादीत हा बोर्ड असतोच. मूळ कल्पना ब्रिटनच्या बीबीसीची. 2016 मध्ये तिथल्या अकरा-बारा वर्षांच्या सुमारे 10 लाख मुलामुलींना तो फुकट वाटला गेला. सध्या मिळतो तो व्ही2, 2020 सालापासूनचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. सहावी ते आठवीच्या मुलींसाठी पहिला बोर्ड म्हणून याला तोड नाही. पण दोघींत एक या हिशेबाने घेता येत नसेल, तर ते पैसे ग्रंथालयाला द्यावेत.

असं म्हणायला कारण आहे. ब्रिटनमधल्या वाटपानंतर बीबीसीने पाहणी केली, तेव्हा संगणक विषय नक्की घेणार असं सांगणाऱ्या मुली 23 टक्क्यांवरून 39 टक्क्यांवर गेलेल्या दिसल्या. प्रकल्पाच्या प्रस्तावात हा आकडा हौसेने डकवता येतो, पण तिथे प्रत्येक मुलीकडे स्वतःचा बोर्ड होता हे विसरून चालत नाही. तो दप्तरातून घरी जायचा, बिघडायचा, पुन्हा चालायचा. सहाजणींत एक बोर्ड आणि तास संपला की कपाटाला कुलूप, अशी व्यवस्था असेल तर त्या आकड्यावर आपला हक्क नाही.

मुलींना विज्ञानाचं वावडं असतं, हेही खरं नाही. केंद्राच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत मुली 29.8 लाख आणि मुलगे 27.4 लाख. बी.टेक.च्या वर्गात मात्र तिघांत एक मुलगीही धड भरत नाही. पुस्तक आणि प्रयोगवही तिच्या हातात सहज येते, पण पक्कड आणि सोल्डरिंग आयर्न येत नाही. या बोर्डाची खरी परीक्षा तिथेच आहे.

आता वस्तूकडे. आत 64 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 128 केबी रॅम, हलवलं-वाकवलं की कळणारा सेन्सर, होकायंत्र, माइक, स्पीकर, वर स्पर्श ओळखणारा सोनेरी लोगो. जुन्या व्ही1 ला माइक आणि स्पीकर नाहीत, खालची कडही सरळ आहे. व्ही2 च्या कडेला खाचा आहेत, दुकानात ओळखायची ती सोपी खूण. व्ही1 स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, निम्मी गंमत आवाजात आहे. वर्गात सांगण्यासारखी एक गोष्ट : या प्रोसेसरचं घराणं आर्म. पहिल्या आर्म चिपचा आज्ञासंच सोफी विल्सन या बाईंनी रचला आणि 1981 च्या बीबीसी मायक्रो संगणकाची बेसिक भाषाही त्यांनीच लिहिली. मायक्रोबिटचं नाव त्या संगणकावरूनच आलं आहे. भिंतीवर टांगायला वेगळी तसबीर शोधायची गरज नाही.

प्रोग्राम लिहायचा तो मेककोड या फुकट संकेतस्थळावर, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून. पडद्यावर डावीकडे बोर्डाची प्रतिकृती चालताना दिसते, त्यामुळे काही विकत न घेताही महिनाभर शिकता येतं. आधी ते करून बघावं. ठोकळ्यांवरचं इंग्रजी पंचवीस-तीस शब्दांपलीकडे जात नाही. मराठी माध्यमाच्या वर्गात त्या शब्दांचा तक्ता भिंतीवर लावला की दुसऱ्या तासाला कोणी विचारत नाही. देवनागरी अक्षरं मात्र दिव्यांवर उमटत नाहीत. नाव इंग्रजीतच सरकतं, हा चटका पहिल्याच दिवशी बसतो.

म्हणून पहिला धडा नावाचा न घेता रांगोळीचा घ्यावा. पाच बाय पाच म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की. कागदावर पंचवीस ठिपके काढायचे, हवे ते भरायचे, तेच 'शो एलईडीज'च्या ठोकळ्यात टिचकवायचे. मग 500 मिलिसेकंदांचा 'पॉज', दुसरी रांगोळी, पुन्हा पॉज, आणि हे सगळं 'फॉरेव्हर'च्या पोटात. केबल लावायची, 'डाउनलोड' दाबायचं, रांगोळी लुकलुकायला लागते. कोरा बोर्ड हातात आल्यापासून इथवर दहा मिनिटं पुरतात. सममित आकार कसा वळवायचा, मधला ठिपका कुठे येतो, हे ज्या मुली अंगणात शिकल्या आहेत त्यांना इथे निर्देशक, म्हणजे ठिपक्याची आडवी-उभी जागा, शिकवावे लागत नाहीत. रांगोळी मुलींची आणि रोबो मुलांचा, अशी वाटणी मात्र शिक्षकांनी करू नये. रांगोळी ही पायरी आहे, तिथेच बसवून ठेवायचं नाही.

दहा मिनिटांचा तास झाला तर बहुतेक वेळा दोष केबलचा. मोबाईलच्या चार्जरसोबत आलेल्या अनेक केबल नुसतीच वीज नेतात, डेटा नेत नाहीत. बोर्डाचा दिवा लागतो, पण संगणकावर 'मायक्रोबिट' नावाचा ड्राइव्ह दिसत नाही. अशा केबल शिबिराआधी वेगळ्या काढाव्यात. खाच मायक्रो यूएसबीची आहे, टाइप-सी बसत नाही. दुसरी चूक : मागचं रीसेट बटण दाबून धरलेलं असताना केबल जोडली की ड्राइव्हचं नाव 'मेंटेनन्स' दिसतं. बोर्ड बिघडलेला नसतो. केबल काढायची, बटणाला हात न लावता पुन्हा जोडायची. एका क्लिकवर थेट डाउनलोड क्रोम आणि एज या ब्राउझरमध्ये होतं. इतरत्र फाईल उतरवून त्या ड्राइव्हवर टाकावी लागते.

घरी संगणक नाही, फोन आहे, तोही भावाचा किंवा बाबांचा, अशी परिस्थिती असेल तर मायक्रोबिटचं मोबाईल ॲप चालतं. ए आणि बी दोन्ही बटणं दाबून धरायची, रीसेट दाबून सोडायचं, मग ब्लूटूथ जोडणी. मात्र केबलइतकी ती भरवशाची नाही. अर्ध्यात तुटली तर सगळं पुन्हा. शिवाय मेककोडमध्ये ब्लूटूथची जोड घेतली की रेडिओचे, म्हणजे दोन बोर्डांना एकमेकांशी बोलवणारे, ठोकळे निघून जातात. दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

माऊस कोणाच्या हातात, हा सगळ्यांत नाजूक भाग. मिश्र गटात चौघांना एक बोर्ड दिला की दोन मिनिटांत माऊस एका मुलाकडे जातो. एक मुलगी वहीत सुवाच्य नोंदी घेते, दुसरी शेवटी सादरीकरण करते. दोघीही छान काम करतात आणि कोणीच प्रोग्राम लिहीत नाही. उपाय साधा आहे : दोघींची जोडी, एक चालक, एक वाटाड्या. वाटाड्याने फक्त सांगायचं, हात लावायचा नाही. दर दहा मिनिटांनी अदलाबदल. घड्याळाचं काम एका बोर्डालाच द्यावं, सहा लाख मिलिसेकंदांचा 'पॉज' आणि त्यानंतर आवाजाचा ठोकळा ठेवला की दर दहा मिनिटांनी स्पीकर वाजतो. शिक्षकांनी अडलेल्या मुलीच्या हातातून माऊस घेऊ नये. हे लिहायला सोपं आहे आणि पाळायला फार अवघड.

प्रकल्प कुंडीतल्या ओलाव्याचा घ्यावा. खर्च नगण्य, आणि विज्ञान भरपूर. दोन लोखंडी खिळे, तीन सेंटिमीटर अंतरावर मातीत. एक खिळा बोर्डाच्या खालच्या कडेवरच्या 1 क्रमांकाच्या कडीला (मोठ्या भोकाला), दुसरा 0 ला, क्रोकोडाइल क्लिपने, म्हणजे दातेरी चिमट्याच्या तारेने. 0 आणि 'जीएनडी' (ग्राउंड, विजेच्या परतीची कडी) यांच्यात 10 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग. रेझिस्टर गाळला तर कोरड्या मातीत 0 वर वाचलेला आकडा तरंगत राहतो, हात जवळ नेला तरी बदलतो, आणि मुलींना वाटतं आपलंच चुकलं. तो बसवला की गणित सरळ होतं. आकडा 0 ते 1023 मध्ये येतो. मातीचा रोधही 10 किलोओहम झाला की बरोबर मधोमध, 512 च्या आसपास. काळी माती, लाल माती, कोकोपीट यांचे आकडे वेगवेगळे येतात. म्हणून 'पाणी घाला'ची रेघ पुस्तकातून घेऊ नये. आपली कुंडी पूर्ण सुकवून आणि पूर्ण भिजवून दोन आकडे घ्यावेत आणि मग रेघ मारावी. आकडा तिच्याखाली गेला की स्पीकरची घंटी वाजवावी.

खिळ्यात सतत वीज सोडली तर चार-आठ दिवसांत धन बाजूचा खिळा गंजून झिजतो, आकडे घसरतात. यासाठीच तो 3 व्होल्टच्या कडीला न लावता 1 ला लावायचा. वाचन घ्यायच्या आधी 1 क्रमांकाच्या कडीवर 'डिजिटल राइट'ने वीज चालू (1), दहा मिलिसेकंद थांबून 0 क्रमांकाच्या कडीचं वाचन, लगेच 1 क्रमांकाच्या कडीवरची वीज बंद (0). तासाला एकदा पुरे. व्ही2 मध्ये डेटा लॉगर आहे. नोंदी बोर्डातच साठतात आणि केबल लावली की ड्राइव्हवरच्या 'माय डेटा' फाईलमध्ये तक्ता आणि आलेख दिसतो. वीज गेली तरी नोंदी राहतात, पण नवा प्रोग्राम चढवला की पुसल्या जातात. आठवडाभराची मेहनत अशी एका क्लिकमध्ये जाऊ शकते. ती फाईल आधी संगणकावर उतरवून ठेवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

तापमानाचा सेन्सर आहे असं खोक्यावर वाचून फसू नये. तो प्रोसेसरच्या आतलं तापमान सांगतो, खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त. शेजारी साधा तापमापी ठेवून फरक काढायला लावला तर मोजमापातली चूक हा धडा आयता मिळतो. होकायंत्र पहिल्यांदा वापरताना बोर्ड वाकवून सगळे दिवे भरायला सांगतो. लोखंडी बाकावर हे केलं तर उत्तर दिशा भलतीकडे जाते.

रेडिओने दोन बोर्ड एकमेकांशी बोलतात, आणि वर्गात खरा कल्ला इथे होतो. गट क्रमांक ठरवला नाही तर मेककोड प्रोग्रामवरून स्वतःच एक ठरवतं. दोन जोड्यांनी वेगळे प्रोग्राम लिहिले की बोर्ड एकमेकांना ऐकतच नाहीत, आणि दोष हार्डवेअरला जातो. एकमेकींशी बोलणाऱ्या दोन जोड्यांना मिळून एकच गट क्रमांक द्यावा, 0 ते 255 मधला कुठलाही चालतो.

बोर्ड मरतात ते विजेने. बॅटरीच्या खाचेत 3.6 व्होल्टपेक्षा जास्त देऊ नये, म्हणजे एएए आकाराचे दोनच सेल. तीन सेलची डबी किंवा जुन्या लॅपटॉपमधला लिथियम सेल लावू नये. उघडा बोर्ड स्टीलच्या ताटावर किंवा डब्याच्या झाकणावर ठेवला तर मागची बाजू शॉर्ट होते. क्लिप तिरकी लावली की शेजारच्या बारीक दातांना चिकटते, ती कडीत सरळ उभी लावावी. 3 व्होल्टच्या कडीतून साधारण 190 मिलिॲम्पिअरच मिळतात. रंगीत दिव्यांच्या पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की 60 घेतो, म्हणजे आठ दिव्यांना 480. उजेड कमी ठेवावा. मोटर किंवा सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी मोटर) कधीच थेट कडीला लावू नये. तिला वेगळी बॅटरी, आणि दोन्हींचा 'जीएनडी' जोडलेला. ही एक तार राहून जाते आणि सर्व्हो नुसता थरथरतो.

आता उद्योगाचं. विज्ञान प्रदर्शनात कुंडीची घंटी वाजली की कोणीतरी म्हणतंच, 'हे विका!' मुलींना तेव्हा हिशेब मांडायला लावावा. बोर्डच दीड-दोन हजारांचा असेल तर घंटी अडीच हजारांखाली जात नाही, आणि झाड दीडशेचं. मायक्रोबिट नमुना करायला आहे, माल करायला नाही. त्यात वाय-फायही नाही. विकायचा विचार असेल तर पुढची पायरी ईएसपी32 हा वाय-फायवाला बोर्ड, जो याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळतो, पण त्यासाठी ठोकळे सोडून प्रोग्राम लिहायची भाषा शिकावी लागते. सरकारी मदतीची घाईही नको. राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना 1 ते 25 लाखांचं अर्थसहाय्य देते, पण त्यासाठी स्टार्टअप किमान वर्षभर चालू, महिलांचा वाटा 51 टक्के आणि उलाढाल 10 लाख ते 1 कोटी लागते. आठवीतल्या घंटीला अजून अवकाश आहे.

वीस मुलींच्या क्लबसाठी खरेदी अशी करावी : अकरा बोर्ड, त्यातला एक राखीव. केबल आणि बॅटरीची डबी सोबत येणारा 'गो' संच बरा, नुसता बोर्ड घेतला तर शेवटी तेवढाच खर्च होतो. डेटा केबल दोन जास्त. जोडीमागे चार क्रोकोडाइल क्लिपा आणि एक रेझिस्टर, खिळे हार्डवेअरच्या दुकानातून. एएए सेल बावीस आणि तितकेच राखीव. तास संपल्यावर केबल आणि डबी काढून ठेवली तर सेल टिकतात, किंवा रीसेट दाबून धरायचं, लाल दिवा विझला की सोडायचं. आणि नोंदवही ठेवून बोर्ड शनिवारी घरी पाठवायचेच. अकरांतला एखादा कुणाच्या तरी धाकट्या भावाच्या हातून बादलीत पडेल. त्यासाठीच अकरावा घ्यायचा आहे.