हेन्रिएटा स्ट्रीट, डब्लिन: १४ क्रमांकाच्या घराचे संग्रहालय

डब्लिनच्या उत्तर भागातील हेन्रिएटा स्ट्रीट हा दगडी फरसबंदीचा आखूड रस्ता आहे आणि त्याचे वरचे टोक जेम्स गँडन याने आराखडा केलेल्या किंग्ज इन्स या बॅरिस्टरांच्या संस्थेच्या इमारतीशी जाऊन थांबते. ल्यूक गार्डिनर याने १७२० च्या दशकात येथे उंच विटकरी घरे बांधण्यास आरंभ केला आणि त्यांत बिशप, सरदार व पार्लमेंटचे सभासद राहू लागले. त्यांपैकी १४ क्रमांकाच्या घरात २०१८ पासून संग्रहालय आहे. मार्गदर्शकाखेरीज आत प्रवेश नाही आणि ही अट मला सर्वस्वी योग्य वाटते, कारण खोल्यांतून वस्तू थोड्याच आहेत. पाहायचे ते भिंतींवर, आणि ते कोणी समजावून दिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

१८०१ मध्ये आयर्लंडचे स्वतंत्र पार्लमेंट संपुष्टात येऊन सत्ता लंडनला गेली, तसे धनिकही शहर सोडून गेले. पुढे या घरात काही काळ कर्जबाजारी जमीनदारांच्या इस्टेटी विकणारे न्यायालय भरे. १८७७ मध्ये थॉमस व्हान्स याने घर विकत घेतले, मुख्य जिना काढून टाकला आणि भाड्याने देण्यासाठी १९ बिऱ्हाडांची सोय केली. १९११ च्या जनगणनेच्या वेळी या एका घरात सुमारे १०० माणसे राहत होती, त्यांत शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या, पुस्तकबांधणी करणारे कारागीरही होते.

संग्रहालयाची खरी थोरवी दुरुस्तीतील संयमात आहे. सरदारी थाट पुन्हा उभा करणे सोपे होते आणि त्याने प्रेक्षकही खूश झाले असते. तरी शोभिवंत गिलाव्याखालचे बिऱ्हाडांचे रंग पुसले गेलेले नाहीत. सामाईक जिन्याच्या भिंतींवर गेरूसारखा लाल आणि रेकिटच्या निळीचा निळा रंग अजून दिसतो. ही तीच रेकिट कंपनी, जिची रॉबिन नीळ मराठी घरांतून पांढऱ्या कपड्यांसाठी वर्षानुवर्षे वापरली गेली. शेवटची बिऱ्हाडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस हलली, त्यामुळे तळघरातील खोल्यांचा इतिहास ऐकताना तो फार जुना वाटत नाही.

फेरीला सुमारे सव्वा तास लागतो. जागा आधी राखून ठेवाव्यात आणि नंतर संपूर्ण रस्ता सावकाश चालून किंग्ज इन्सच्या कमानीपर्यंत अवश्य जावे.