चाकं हवेत फिरत होती

मुलीच्या रिमोटवरच्या ट्रकचं स्टिअरिंग आणि मोटर बदलून घेण्याच्या नादात माझे ५,२५० रुपये गेले. ट्रक आणला होता ४,८०० ला. हा हिशेब ऐकून बायको जेवढी हसली तेवढं तुम्हीही हसून घ्या आणि मग पुढचं वाचा, कारण मला गंडवणाऱ्या माणसाचा धंदा अजून जोरात चालू आहे.

ट्रक म्हणजे डब्ल्यूपीएल या खेळण्यांच्या कंपनीचा सी २४. १:१६ मापाचा पिकअप, दीड वीत लांब, चारही चाकांना जोर. या गाडीच्या नादी लोक लागतात ते ती स्वस्त आहे आणि तिच्यात खटपट करायला भरपूर वाव आहे म्हणून. घरातल्या फरशीवर झकास पळते. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नेली की पहिल्या दहा पावलांत पितळ उघडं पडतं. पुढचं चाक दोन दगडांच्या बेचक्यात बसलं की स्टिअरिंग नुसतं कण्हतं, चाक वळत नाही. चढ आला की मोटर दम टाकते. "बाबा, हिला ताकद हवीय," असं लेकीनं जाहीर केलं. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच जास्त घाई होती.

आता थोडं यंत्राचं सांगतो, नाहीतर गंडवलं कुठे ते कळणार नाही. या ट्रकच्या मूळ स्टिअरिंगला पाच वायरी असतात. दोन त्यातल्या छोट्या मोटरच्या, तीन चाक किती वळलंय ते सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या. मोटर किती फिरवायची आणि कुठे थांबवायची हे सगळं डोकं गाडीतल्या सर्किट बोर्डात असतं. बाजारात मिळणारा नेहमीचा सर्वो, म्हणजे स्टिअरिंग वळवणारी मोटरची छोटी डबी, तीन वायरींचा. तपकिरी, लाल आणि नारिंगी. त्याचं डोकं त्याच्या स्वतःच्याच पोटात असतं, त्याला बाहेरून फक्त इशारा हवा. त्यामुळे पाच वायरींचा काढून तीन वायरींचा लावता येत नाही. त्याला इशारा देणारा वेगळा रिसीव्हर लागतो, मोटरचा वेग सांभाळणारा वेगळा ईएससी लागतो, आणि रिसीव्हर बदलला म्हणजे रिमोटही बदलला. एक बदलायला जावं तर चार वस्तू येतात. हे खरं आहे. आणि त्या माणसाचं प्रत्येक खोटं अशाच कुठल्या तरी खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून आलं.

तो मला भेटला व्हॉट्सॲपवर. आरसी, म्हणजे रिमोटवरच्या, गाड्यांच्या एका ग्रुपमध्ये कुणीतरी त्याचा नंबर टाकला होता. दुसऱ्या शहरातला. बोलायला अतिशय गोड. "सर, सी २४ ना? महिन्याला दहा करतो मी. तुम्ही फक्त कुरिअर करा." १७ ग्रॅमचा मेटल गिअर सर्वो, ३७० साइजची नवी मोटर, ईएससी, रिसीव्हर आणि साधा रिमोट, मजुरीसकट ३,८०० रुपये. त्यातले १,५०० आगाऊ. मी चार ठिकाणी सुट्या भागांचे भाव बघितले होते, त्या मानाने आकडा बरा वाटला. फार स्वस्त वाटला असता तर कदाचित मीच सावध झालो असतो.

ट्रक पोचल्याच्या चौथ्या दिवशी फोन. आवाजात एकदम दु:ख. "सर, बॅड न्यूज. टेस्टिंगला लावला आणि तुमचा बोर्ड गेला. आधीपासूनच शॉर्ट होता." पाठोपाठ फोटो. हिरवा बोर्ड, कोपऱ्यात काळा डाग, वितळलेलं प्लास्टिक. नवा बोर्ड १,४५०. मी दोन तास कुढलो आणि यूपीआयने पैसे पाठवले.

वरचा यंत्राचा परिच्छेद परत वाचा. रिसीव्हर वेगळा येणार, ईएससी वेगळा येणार. म्हणजे जुन्या बोर्डाला गाडीत जागाच राहणार नव्हती. जी वस्तू काढून टाकायची होती, तिच्या बदलीचे पैसे मी दिले! शिकलासवरलेला माणूस मी, रोज ऑफिसात इतरांची बिलं तपासतो. पण जळलेल्या बोर्डाचा फोटो समोर आला की माणूस काय जळलं ते बघतो. ते हवं कशाला होतं, हे विचारायचं राहून जातं.

आणखी एक. मागे एकदा मी स्वतः ट्रक उघडला होता, तेव्हा वायरी उलटसुलट होऊ नयेत म्हणून बोर्डावरच्या बॅटरीच्या सॉकेटला बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. त्याने पाठवलेल्या फोटोत ठिपका नव्हता. हे माझ्या लक्षात आलं दीड महिन्यानंतर, रात्री अडीच वाजता, अंथरुणात.

आठवड्याने व्हिडिओ आला. पिवळ्या फुलांच्या ऑइलक्लॉथवर, औषधाच्या दोन खोक्यांवर ट्रक टेकवलेला. चाकं अधांतरी. रिमोट फिरवला की पुढची चाकं फटाफट डावी-उजवी. मोटरचा आवाज असा की मिक्सरच लावलाय. लेक टाळ्या पिटायला लागली. मी राहिलेले २,३०० पाठवले.

ह्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती चाकं लक्षात ठेवा. हवेतलं चाक वळवायला ताकद लागतच नाही, नुसतं सांध्यांचं घर्षण मोडायचं असतं. तेच चाक जमिनीवर असलं की गाडीचं वजन अंगावर घेऊन रबर जागच्या जागी घासत वळवावं लागतं, आणि गाडी उभी असताना तर सर्वोची खरी परीक्षा. चालत्या कारचं स्टिअरिंग सहज वळतं, उभ्या कारचं पॉवर स्टिअरिंग बंद पडलं तर दोन्ही हातांनी ओढावं लागतं, तोच प्रकार. खोक्यावर टेकवलेल्या ट्रकचा व्हिडिओ म्हणजे आडात न उतरता पोहून दाखवणं. पैसे देण्याआधी मागायचा तो व्हिडिओ एवढाच: ट्रक खडबडीत जमिनीवर उभा, थांबलेला, बॅटरी आत, आणि चाकं पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे. एका दमात, कट न करता.

गाडी घरी आली. फरशीवर छानच चालली, कारण गुळगुळीत फरशीवर रबर घसरतं. रविवारी टेकडी. दहा मिनिटं झाली नसतील, एका दगडाला पुढचं चाक अडलं, सर्वोतून 'कर्रर्र' असा सुपारी फोडल्यासारखा आवाज आला आणि स्टिअरिंग मेलं. वीसेक मिनिटांत मोटर इतकी तापली की हात लावला आणि झटकला. मग मोटर फिरत राहिली, चाकं थांबली. त्याला फोन केला तर म्हणाला, "सर, तुम्ही रफ चालवली असेल." टेकडीवर चालवायला म्हणूनच तर बदलून घेतली होती!

शेजारचा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजात रोबोट बनवतो. त्याने गाडी डायनिंग टेबलवर पालथी घातली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, सर्वोभोवती एवढा ग्लू का?" हॉट ग्लू खरवडून सर्वो निघाला. वर काळं हीट-श्रिंक, म्हणजे तापवलं की आवळून बसणारं प्लास्टिक, त्यावर सोनेरी अक्षरांत 'मेटल गिअर'. पोराने ब्लेडने ते काळं आवरण कापलं. आतून निघालं निळं पारदर्शक प्लास्टिक. एसजी ९०. शाळेच्या प्रोजेक्टला लावतात तो, ९ ग्रॅमचा, नायलॉनच्या दातांचा. चार बारीक स्क्रू काढल्यावर खडीसाखरेसारखे पांढरे गिअर दिसले, एकाचे तीन दात जागेवर नव्हते. ते तळाशी ग्रीसमध्ये पडलेले होते. हॉट ग्लू कशाला, तेही कळलं. १७ ग्रॅमच्या सर्वोच्या जागेत हा सैल बसत होता, म्हणून फटी बुजवलेल्या.

हे सर्वो आपापल्या वजनाच्या नावानेच विकले जातात, मग वजन करणं हाच सगळ्यात सोपा तपास. माझा विश्वास बसेना म्हणून मी तो पुडीत बांधून आमच्या ओळखीच्या सराफाकडे नेला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काट्यावर ठेवला. ९.६ ग्रॅम, आवरणासकट. "घट बरीच आहे," ते म्हणाले. मेटल गिअरच्या नावाखाली याहून चलाख मालही फिरतो: बाहेर दिसणारा शेवटचा गिअर पितळी आणि आतले सगळे नायलॉनचे. तो वरून ओळखू येत नाही, उघडूनच बघावा लागतो. माझ्या माणसाने तेवढीही मेहनत घेतली नव्हती.

मोटरची गोष्ट याहून सरळ. मापाने ती ३७० च होती, पण नवी नव्हती. तिच्या टर्मिनलवर दोन वयांचं सोल्डर होतं, खाली जुनं काळवंडलेलं आणि वर नवं चकचकीत. २ मिलिमीटरच्या शाफ्टवर आधीचा गिअर बसल्याची गोल खूण. कुठल्या तरी भंगारातल्या यंत्रातून काढलेली. शाफ्टवरचा छोटा पिनियन गिअर घट्ट ठोकून बसवायचा असतो. हा फेविक्विकने चिकटवलेला, तापल्यावर सुटला आणि शाफ्ट आतल्या आत फिरत राहिला. शिवाय मोटरवर कपॅसिटर नव्हते. अशा ब्रशवाल्या मोटरला ठिणग्यांचा गोंगाट दाबायला १०४ लिहिलेले तीन छोटे सिरॅमिक कपॅसिटर लावायची पद्धत आहे. ते नसल्यामुळे जोर दिला की स्टिअरिंगला हिवताप आल्यासारखी थरथर व्हायची. मला वाटलं होतं, ताकद जास्त झाली.

ईएससी आणि रिसीव्हर मात्र खरे होते. स्वस्तातले, पण खरे. सगळंच खोटं असतं तर गाडी फरशीवरही चालली नसती, आणि फरशीवर चालली नसती तर मी त्याच दिवशी भांडलो असतो.

पैशाचं म्हणाल तर मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर तीनही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक, चॅट आणि फोटो चढवले. पोच मिळाली. पैसे नाहीत. फोनवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "पैसे कधी पाठवले होते?" दोन महिन्यांपूर्वी, म्हणालो. पलीकडे थोडी शांतता. हा नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा, खात्यात रक्कम असेपर्यंत ती अडवता येण्याची आशा असते. माझ्यासारखा दीड महिना कुढून फिरवण्यात अर्थ नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ ही आहे, पण मी ना बिल मागितलं होतं ना दुकानाचं नाव. तक्रार करायची कुणाविरुद्ध? एका डीपीविरुद्ध? डीपीत वाघ होता.

जुने भाग परत मागितले नाहीत ही माझी दुसरी चूक. स्कूटर गॅरेजला दिली की मी जुने ब्रेक शू हातात घेऊन बघतो, मेकॅनिक तोंड वाकडं करतो तरी बघतो. इथे बोर्ड, मूळ स्टिअरिंग, मूळ मोटर, मूळ रिमोट सगळं त्याच्याकडे राहिलं. "कचऱ्यात टाकलं सर." चालू बोर्ड कचऱ्यात कोण टाकतं? तो आता कुणाच्या तरी 'जळलेल्या' बोर्डाच्या जागी, १,४५० रुपयांना बसला असेल. तुमच्या ट्रकमध्ये बॅटरीच्या सॉकेटवर लाल ठिपका सापडला तर तो आमच्या घरचा आहे.

पोराने आणि मी मिळून गाडी परत उभी केली. या वेळी सर्वो आधी वजन करून आणि उघडून बघितला, मोटर नवी घेतली, सोल्डरिंग मी केलं आणि दोनदा बोट भाजून घेतलं. रिमोट, रिसीव्हर, ईएससी तेच ठेवले. दोन संध्याकाळी लागल्या. आता ती टेकडीवर दगडावर चाक टेकवून उभ्या उभ्या वळते, लेक तिला 'म्हैस' म्हणते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरात आली. नंबर वेगळा, डीपीत वाघाऐवजी गरुड. 'सी २४ फुल मॉडिफिकेशन, मेटल गिअर स्टिअरिंग, हाय टॉर्क मोटर, आगाऊ फक्त १,५००.' खाली व्हिडिओ. पिवळ्या फुलांचं ऑइलक्लॉथ, औषधाची दोन खोकी. ट्रकच्या डाव्या दारावर अर्धवट सुटलेलं मांजराचं स्टिकर, जे माझ्या मुलीने चिकटवलं होतं आणि मी सोलायचा प्रयत्न केला होता. खाली सत्तावीस जणांनी विचारलं होतं, "प्राइस प्लीज?"