डिजीलॉकर आणि आपले सरकार पोर्टल : आठ महिने वापरल्यावर

कागदपत्रं मोबाइलवर ठेवायचं डिजीलॉकर हे ॲप आणि सरकारी दाखल्यांसाठी ऑनलाइन अर्ज करायचं राज्याचं आपले सरकार पोर्टल, दोन्ही मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी, जुलैत, वापरायला सुरुवात केली. आम्ही मानेवाड्याला राहतो. आधी एका दाखल्यासाठी सिव्हिल लाइन्सपर्यंत दोन-तीन चकरा ठरलेल्याच असायच्या, त्याही नागपूरच्या उन्हात. ते हेलपाटे वाचले. पण या आठ महिन्यांत मला जास्त कामी आला तो या सेवांमागचा कायदा, आणि तो मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

डिजीलॉकरमध्ये मी गुणपत्रिकेचा फोटो काढून टाकला होता. कॉलेजच्या खिडकीवर दाखवला, तर परत पाठवलं. राग आला, पण चूक माझीच होती. ॲपमध्ये दोन कप्पे आहेत : आपण अपलोड केलेले कागद, आणि बोर्डाने किंवा आरटीओने स्वतः दिलेले, म्हणजे 'इश्यूड'. 2016 च्या डिजिटल लॉकर नियमांत 2017 साली 9अ हा नियम घातला गेला. त्यानुसार मूळ कागदाचा दर्जा फक्त इश्यूड कागदांना आहे, आपल्या फोटोला नाही. मग सीट नंबर टाकून गुणपत्रिका थेट बोर्डाकडून घेतली. तरी खिडकीवरचे म्हणाले, "आम्ही घ्यायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

घरी येऊन वकील भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, कागद खरा आहे, पण आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 9 वाच." 2000 च्या त्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली, पण सरकारी खात्याने किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने ती घेतलीच पाहिजे, असा आग्रह त्या मान्यतेच्या आधारे धरता येत नाही, असं कलम 9 सांगतं. हे वाचून मी थक्क झाले. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. शेवटी मूळ प्रतच नेली. व्हरायटी चौकात मात्र वाहतूक पोलिसांनी मोबाइलवरचं लायसन्स लगेच मान्य केलं, कारण 2018 मध्ये मोटार वाहन नियमांतच तशी दुरुस्ती झाली आहे. गाडीचं आरसी काढायला वेळ लागला. त्यावरचं नाव आधारशी जुळत नव्हतं.

आपले सरकारवर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला. मुदत 15 दिवसांची. बाविसाव्या दिवशीही अर्ज त्याच टेबलावर दिसत होता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, 2015 इथे उपयोगी पडला. अर्ज केल्यावर जो क्रमांक मिळतो तो कायद्यानेच द्यायचा असतो, आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत टळली की 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. मी त्याच पोर्टलवरून पहिलं अपील टाकलं. पाचव्या दिवशी डिजिटल सहीचा दाखला आला. अपील कुठं करायचं हे मात्र शोधावं लागलं. ते बटण अर्जाच्या स्थितीशेजारीच, मुदत संपली की आपोआप दिसायला हवं.

नवीन वापरणाऱ्यांनी आधी आधारचा मोबाइल नंबर तपासा, कारण ओटीपी त्यावरच येतो. शेजारच्या काकूंचा नंबर जुना आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी यातलं जवळपास सगळं बंदच. तो बदलून घ्यायला हवा. सोमवारी मी त्यांना घेऊन आधार केंद्रावर जाणार आहे.