दोन मुली कमी आणि एक सॉफ्टवेअर: नऊ महिन्यांचा अनुभव

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या 30 खाटांच्या रुग्णालयाचं काउंटर आणि बिलिंग मी बघते. दिवाळीच्या सुमारास पाचपैकी दोन मुली सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी टिकलं नाही. त्याच महिन्यात नोंदणी, बिलं आणि डिस्चार्जचे कागद सांभाळणारं हे सॉफ्टवेअर आलं.

नोंदणीचं काम खरंच हलकं झालं. पेशंटने भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यातलं नाव, वय, पत्ता आमच्या स्क्रीनवर येतो आणि टोकन निघतं. पण बालाघाटहून किंवा गडचिरोलीकडून आलेल्या आजीकडे साधा फोन असतो. तिच्यासाठी माणूस लागतोच. नोंदणीची ती खुर्ची आम्ही आठवडाभर रिकामी ठेवली, मग मीच जाऊन बसले.

खरा फायदा डिस्चार्जला झाला. कॅशलेसच्या अंतिम बिलाला विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यावी, असं विमा नियामकाचं 2024 चं परिपत्रक सांगतं. पण ते तास आमचे कागद गेल्यावर सुरू होतात, आणि आमचेच कागद दुपारपर्यंत जात नव्हते. कधी उरलेली औषधं परत करायची राहिलेली, कधी लॅबचं बिल, कधी समरीवर, म्हणजे घरी जाताना देतात त्या उपचारांच्या सारांशावर, डॉक्टरांची सही. आता संध्याकाळच्या राउंडनंतर सिस्टर ‘उद्याचे डिस्चार्ज’ यादीत नाव टाकतात आणि रात्रपाळीचा मुलगा औषधं, लॅब मिटवून ठेवतो. सकाळी दहाला फाइल रवाना. चार-पाच वाजेपर्यंत ताटकळणारे नातेवाईक आता बहुतेक दीडच्या आत घरी निघतात.

एका गोष्टीची मला अजून भीती वाटते. पेशंट दुसऱ्यांदा भरती झाला की समरीत मागच्या वेळची औषधं आपोआप येतात. मार्चमध्ये एकदा, आधीच बंद केलेली रक्त पातळ करणारी गोळी तशीच छापून आली होती. सिस्टरच्या लक्षात आली म्हणून बरं. ही सोय बंद करा म्हणून कंपनीला तीनदा कळवलं, अजून तशीच आहे. तेव्हापासून प्रत्येक समरी दोघांनी वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. माणसं कमी करायला कुणी हे घेत असेल, तर मी नको म्हणेन.

समरी फक्त इंग्रजीत निघते. ‘सकाळी जेवणानंतर एक, रात्री एक’ हे मराठीत, छिंदवाड्याकडच्यांना हिंदीत, मी वेगळ्या कागदावर हाताने लिहून देते. कितीही गर्दी असली तरी तो कागद दिल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.